‘काढू नये’ असं लिहिलेली ओळ

ऑफिसात तिला सगळे चौकसबाई म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. नणंद तर म्हणायची, "हिला नुसतं पाणी दिलं तरी नळ कुठला ते विचारेल." पण ज्या कामात तिची पंधरा वर्षं गेली त्या कामाला असलंच माणूस लागतं. कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. चाळीस जणांनी लिहिलेला कोड आणि बाहेरून आणलेल्या शेकडो तयार लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले कोडचे गठ्ठे, एकत्र बांधून त्याचं एक पॅकेज करायचं, हे तिचं काम. बांधायला बिल्ड टूल होतं. त्याला एका फायलीत यादी द्यायची, एका ओळीवर एक लायब्ररी. टूल ती आणतं, आणि तिला जे जे लागतं तेही गुपचूप घेऊन येतं. कोण कुणाच्या ओळखीने आत शिरलं हे शोधण्यात चौकसबाईचा जीव रमायचा.

त्या यादीत एक ओळ होती. लायब्ररीचं नाव, आवृत्ती आणि शेजारी शेरा, ‘काढू नये’. का, ते नाही.

सोमवारी साहेब तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "नऊ वर्षांत हिच्यात कुणी दुरुस्ती केलेली नाही. सुरक्षा तपासणीवाले बोट ठेवतायत. टूल म्हणतंय, कोडमध्ये कुठे वापरच नाही. गुरुवारच्या पॅकेजमध्ये ती नकोय मला."

"पण असं लिहिलं का असेल?"

"ते लिहिणाऱ्याला विचारा."

लिहिणारे म्हणजे मास्तर. अर्ध्या ऑफिसला काम शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. चौकसबाईला ही यादी वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. तिने फोन लावला. मास्तरांनी ऐकून घेतलं.

"आठवत नाही गं," ते म्हणाले. "काहीतरी बरळून ठेवलं असेल. टाक काढून."

मग फोन त्यांच्या बायकोने घेतला. "मनाला लावून घेऊ नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं सांगितल्यापासून त्यांचा स्वतःवर भरवसाच उरलेला नाही. काहीही विचारलं की एकच उत्तर, मला काय कळतंय."

चौकसबाईला वाईट वाटलं, आणि रागही आला. ज्या माणसाने तिला शब्द न् शब्द तपासायला लावला, तो बरळेल? आता तिला नुसतं कारण नको होतं. मास्तर बरोबर निघायला हवे होते.

ओळ काढून तिने पॅकेज बांधलं. ते बिनतक्रार बांधलं गेलं. सहाशे चाचण्या होत्या, त्याही पास. मंगळवार गेला, बुधवारची दुपार गेली. साहेब येता-जाता नुसते बघायचे. शेवटी तिने एका छोट्या दवाखान्यातल्या सिस्टरला फोन केला.

"तुम्ही दिवसभरात असं काय करता, जे आमच्या कुणाच्या डोक्यातही येणार नाही?"

सिस्टर घाईत होती. "काय मॅडम, कसलं विचारता. नाव न लिहिता पेशंट भरतो, आणखी काय."

"नाव न लिहिता?"

"आत्ता जन्मलेल्या बाळाला नाव कुठलं? मनगटावर पट्टी तर बांधावीच लागते."

चौकसबाईने नावाची जागा रिकामी ठेवली आणि पट्टी छापायला सांगितली. प्रोग्रॅमने जागीच मान टाकली. ओळ परत घालून तिने पुन्हा बांधलं, तर पट्टी आली. आईचं नाव, जन्माची वेळ, तात्पुरता नंबर. लायब्ररीचं नाव कोडमध्ये नव्हतंच, सेटिंगच्या फायलीत होतं, आणि नावाची जागा रिकामी असेल तेव्हाच तिला हाक जायची. चाचण्या लिहिणाऱ्या शहाण्यांनी मात्र सगळ्या पेशंटांना नावं दिली होती.

साहेबांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "नवी लायब्ररी लिहून होईपर्यंत ही राहू दे," म्हणाले. "तपासणीवाल्यांशी मी बोलतो."

तिने लगेच मास्तरांना फोन लावला. "तुमची ओळ बरोबर होती," म्हणाली आणि सगळं सांगितलं.

"जुळी असली तर?" मास्तरांनी विचारलं. "आई एक, वेळही जवळजवळ एकच. नंबर वेगवेगळे येतात का? ते पाहिलंस?"

चौकसबाईने पाहिलं नव्हतं.

"मग बघ. मी थांबतो."

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, कोण आहे म्हणून.

"ऑफिसचा फोन आहे," मास्तर म्हणाले. "थांब जरा, काम चाललंय."