मुलुंड कोरं का दिसत होतं

विक्रोळीला आमचं ऑफिस होतं. कंपनी पाण्याचे फिल्टर विकायची, दुरुस्तही करायची. तक्रारींचे रिपोर्ट मी बनवायचे. लॉगिन करणाऱ्याला फक्त आपल्या शाखेच्या तक्रारी दिसाव्यात, असा त्यात नियम होता. ते योग्यच होतं, कारण त्यात गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन, सगळं असायचं.

एका सोमवारी मुलुंड शाखेच्या मॅनेजरचा फोन आला. आम्ही दोघी एकदमच कंपनीत लागलेल्या.

"अगं, माझा रिपोर्ट कोरा येतोय. आणि मीटिंगमध्ये सर म्हणाले, मुलुंडला रिपोर्ट उघडायचाही कंटाळा आहे."

मी सरांच्या, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांच्या, केबिनमध्ये गेले. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "हे बघ, मला मुलुंड दिसतंय. सिस्टिम ठीक आहे. तिचंच काहीतरी चुकतंय."

"सर, तुम्ही अ‍ॅडमिन आहात. तुम्हाला तो नियम लागूच होत नाही."

त्यांना ते रुचलं नाही.

दुसऱ्याच्या लॉगिनने रिपोर्ट कसा दिसतो, हे तपासायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. मी तिच्या लॉगिनने पाहिलं. खरंच एकही ओळ नव्हती. नियम काय करायचा, तर लॉगिनचा ईमेल घेऊन एचआरच्या यादीत शाखा शोधायचा. घटस्फोटानंतर तिने माहेरचं आडनाव पुन्हा लावलं होतं. आयटीने ईमेल बदलून दिला, यादीत मात्र जुनाच राहिला. एचआरवाले म्हणाले, कागदपत्रं मंजूर होईपर्यंत यादी बदलता येणार नाही.

सरांनी तोडगा काढला. "रिपोर्टपुरता तिला जुना ईमेल चालू करून दे. नाहीतर अ‍ॅडमिन करून टाक."

मी तिला फोनवर विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "ते आडनाव मी कोर्टात सोडून आलेय. रिपोर्टसाठी परत लावणार नाही."

मी सरांना सांगितलं, "यातलं काहीच मी करणार नाही. अ‍ॅडमिन केलं तर सगळ्या शाखांची गिऱ्हाइकं तिच्यासमोर उघडी पडतील. नियमच चुकीचा आहे. नाव बदलतं, कर्मचारी क्रमांक बदलत नाही. नियम क्रमांकावर चालायला हवा."

"या महिन्याचा शाखांचा रिव्ह्यू झाल्यावर बघू."

"म्हणजे रिव्ह्यूला पुन्हा कोरं दाखवून तिलाच बोलायचं?"

ते लॅपटॉपमध्ये पाहू लागले. मी तोच होकार धरला. आयटीकडे प्रत्येक चालू ईमेलसमोर कर्मचारी क्रमांक होताच. तो मागून घेतला आणि एचआरच्या यादीत त्यावरून शाखा शोधेल, असा नियम नव्याने लिहिला. मग एकेका शाखेच्या लॉगिनने तपासत गेले. तेव्हा कळलं, अंधेरी शाखेतल्या मुलीचाही रिपोर्ट, लग्नानंतर आडनाव बदलल्यापासून, कोराच होता. ती शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या लॉगिनने काम भागवत होती. आपलंच काही चुकलं असेल, असं वाटून तिने कुणाला विचारलंच नव्हतं. मला फार चीड आली.

रिव्ह्यूत मुलुंडच्या सगळ्या तक्रारी पडद्यावर आल्या. बऱ्याच तिने रिपोर्टशिवाय, नुसत्या फोनवर मिटवल्या होत्या.

"रिपोर्ट मी रोज उघडत होते, सर," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तो कोरा होता."

सरांनी पुढची शाखा घेतली.

त्या वर्षी माझ्या अप्रेझलमध्ये शेरा आला: 'जुळवून घेण्याची तयारी कमी.' सरांनी सहीसाठी पेन पुढे केलं. मी शेऱ्याखाली 'अमान्य' असं लिहिलं आणि मग सही केली.