अर्ध्यावर सोडलेला फेटा

अन्याय झाला डॉ. शैला यांच्यावर. १९९६, फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार, सकाळी साडेदहा. बारामतीतल्या एका खासगी हॉस्पिटलात त्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन करत होत्या. रजिस्टरमध्ये सर्जन म्हणून नाव मात्र आमच्या मोठ्या सरांचं. सर त्या वेळी इंदापुरात महिला-आरोग्य शिबिराची फीत कापत होते.

मी तिथली नवी भूलतज्ज्ञ. शैला मॅडम एम. एस. ऑर्थो, म्हणजे सरांच्याच डिग्रीच्या. तरी दोन वर्षं ‘असिस्टंट’. बाहेरच्या बोर्डावर नाव लावा म्हटलं की सर हसायचे. “माझी हरकत नाही हो मॅडम. पण आपला पेशंट बाईकडून हाड बसवून घेत नाही.”

पेशंटला कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी टेबलावर वरकुट्याचे किसनआबा होते. मी स्पायनल दिलं. म्हणजे पाठीत इंजेक्शन. कमरेखाली बधिर, वर माणूस टक्क जागा. दोन तास आबा ऐकत होते. “ड्रिल द्या.” “प्लेट बसली, आता स्क्रू.” मधेच मॅडम विचारायच्या, “आबा, बरे आहात ना?”

गुरुवारी सर राउंडला आले, मागे मॅडम आणि मी. ऑपरेशन पार पडलं की नातेवाईक डॉक्टरला फेटा बांधतात, ही इथली रीत. आबांचा मुलगा दत्तू सरांच्या डोक्याला फेटा गुंडाळू लागला. सर म्हणाले, “हाड फार अवघड होतं, आबा. पण मी सोडलं नाही.”

“तुमी कुठं व्हता?” आबा म्हणाले. “म्या जागा व्हतो. आत ह्या बाईंचाच आवाज. दत्तू, सोड त्यो फेटा.”

“आबा, बाईमाणसाला फेटा?”

“माज्या हाडाला इचार, कुणी बसवलं!”

फेटा सरांच्या डोक्यावरून उलगडला आणि मॅडमच्या डोक्यावर चढला. अख्खा वॉर्ड हसला. सर सोडून.

शुक्रवारी हॉस्पिटलात सुधारणा झाली. बोर्डावर मॅडमचं नाव नव्हे, भिंतीवर नोटीस लागली. स्पायनलच्या प्रत्येक पेशंटला झोपेचंही इंजेक्शन द्यावं, ‘पेशंटच्या हितासाठी’.

ते द्यायचं काम माझं. मी लेखी नकार दिला. पंधरा दिवसांत माझी नोकरी गेली. मी निघाले तेव्हाही मॅडम असिस्टंटच होत्या आणि हाडं त्याच बसवत होत्या.

तेव्हा तुम्ही एक करा. ऑपरेशनचं संमतीपत्र पुढं आलं की आधी विचारा, “करणार कोण?” ते नाव तिथंच लिहून घ्या. मगच सही करा.