भिंगापुढचा तळवा

पडद्यावरच्या बापाने कमरेचा पट्टा सोडायला घेतला, की हा आमचा प्रोजेक्टरवाला भिंगापुढे तळवा धरायचा. पडदा काळा. अंधारात नुसता पट्ट्याचा आवाज आणि पोराचं रडणं. कोणी चिडून मागे वळलं, तर म्हणायचा, "ऐकू येतंय न्हवं? मग झालं."

शेवगावात आमचं चित्रपट मंडळ आहे. तुमच्याही गावात असं एखादं असेल, बघा. दोन प्राध्यापक, एक डॉक्टर, एक वकील आणि माझ्यासारखी निवृत्त मास्तरीण. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सिनेमा, मग चर्चा. त्या वर्षी विषय होता 'बालपणीच्या जखमा'. लहानपणी मार खाल्लेली माणसं पुढे जन्मभर तो मार कसा वागवतात, त्याचे सिनेमे. सिनेमे चांगले होते हो. चर्चेची मात्र मला आजही शिसारी येते. "काय ताकदीचं दृश्य होतं ते माराचं," असं म्हणत डॉक्टर दुसरा बटाटेवडा उचलायचे.

प्रोजेक्टर हा चालवायचा तो आमच्या हौसेखातर. एरवी बसस्टँडजवळच्या टपरीत मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचा. मिक्सर नेला की आधी विचारायचा, "ह्यात काय घातलं हुतं? खरं सांगा." मी शेंगदाणे म्हटलं. त्याने पात्याखालून हळकुंडाचा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला. दुकानात आणखी दोन बायका होत्या. त्यांना दिसायच्या आत त्याने तो तुकडा हळूच फडक्याखाली सारला.

असल्या माणसाला मी एकदा विचारलंच, की तुम्ही भिंगापुढे हात का धरता.

तो स्क्रू पिळत राहिला. "माजा बाप कासऱ्यानं मारायचा, बाई. बैलाला कमी, मला जास्त. आता म्हातारा झालाय. माज्या पोरीचा लई लाडका आजोबा हाय. रोज त्याच्याच ताटात जेवती ती. तिला ह्यातलं काय ठावं न्हाई. तुमी कुनाला बोलू नका."

मी बरं म्हटलं.

पुढच्याच बैठकीत त्याच्याविरुद्ध तक्रार आली. "हा माणूस कलेचा खून करतो, काढून टाका त्याला," असं मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्याची बाजू घ्यायला सांगितलं, असं मी स्वतःला अजून समजावते. पण खरं सांगू? सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची मला किळस येते.

अध्यक्षांचा चेहरा खुलला. "अहो, म्हणजे आपल्यातच जिवंत उदाहरण आहे. सत्कार करू या." आपल्याकडे कुणाचं काही कळलं की दुसरं सुचतं काय? जन्मला, सत्कार. निवृत्त झाला, सत्कार. आता बापाचा मार खाल्ला म्हणून शाल आणि श्रीफळ.

"त्याला विचारा तरी," मी म्हटलं.

"आयत्या वेळी सांगू, खूश होईल," अध्यक्ष म्हणाले. मी पुढे बोलले नाही. वडे आले होते.

शनिवारी सकाळी स्टँडच्या चौकात फ्लेक्स लागला. वर त्याचा भला मोठा फोटो. 'वडिलांच्या अमानुष मारहाणीवर मात करणाऱ्या आमच्या सहकाऱ्याचा जाहीर सत्कार.' खाली आमची सगळ्यांची हसरी तोंडं, त्यात तिसरं माझं. त्याची पोरगी कॉलेजला त्याच चौकातून जाते.

रविवारी तो आला नाही. रिकाम्या खुर्चीवर शाल ठेवली, शालीवर नारळ ठेवला, आणि अध्यक्षांनी भाषण केलं. डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "बघा, अशी माणसं अशीच वागतात. सिनेमात अगदी बरोबर दाखवतात." तरी मी शेवटपर्यंत बसून राहिले, तेही सांगते.

आता प्रोजेक्टरवर नवा माणूस आहे. तो सिनेमा अख्खा दाखवतो. टपरीला कुलूप आहे. घोडेगावच्या बाजूला कुठेसं दुकान घातलंय म्हणतात. मी त्याला शेवटचं भेटले ते सत्कारानंतरच्या मंगळवारी. तो सामान खोक्यात भरत होता. माझा मिक्सर दुरुस्त करून, पुसून, बाजूला काढून ठेवला होता.

"पोरगी कशी आहे?" मी विचारलं.

"येगळं ताट घेती. म्हातारा तीन दिस झालं ताट धरून बसतो, म्हनतो, नात का रुसली. त्याला काय सांगू?"

"चुकलं हो माझं."

त्याने मिक्सर माझ्या हातात दिला. आवाज चढला नाही, तोंड वाकडं झालं नाही.

"सिनेमातलं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "माज्या घरातलं एवढंच झाकायचं हुतं, बाई."