मिठागराच्या बांधावरचे तीन तास

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्या लष्करी ट्रान्सपोर्ट कंपनीची बदली घाटकोपरला झाली. मी हवालदार होतो. नाव योहान साळवे. माझ्या सेक्शनमध्ये नाईकाच्या हुद्द्यावर शमुवेल गायकवाड होता. आम्ही दोघंही नगरकडचे, एकाच मिशनच्या शाळेत शिकलेले. ड्यूटीवर तो मला हवालदार म्हणायचा, एरवी दादा.

सकाळी पाचला उठणं, सहाला पीटी, सातला गाड्यांची तपासणी. रविवारी सुट्टी मिळाली तर स्टेशनजवळच्या एका चाळीत आम्हा ख्रिस्ती लोकांची उपासना असायची. खोलीत वीसेक माणसं मावायची. मी मागे बसून पेंगायचो. शमुवेल ऐकायचा.

हा माणूस मूळचा तापट. आधीच्या पोस्टिंगवर वरण पाण्यासारखं झालं म्हणून त्यानं लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, आचाऱ्याच्या तोंडावर चहाचा मग मारला होता. दात पडला. सात दिवस क्वार्टर गार्डच्या कोठडीत काढले. बाहेर आला तो थेट लंगरमध्ये गेला आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यानंतरही त्याला राग यायचाच. कुणाला बोलला की संध्याकाळच्या आत त्या माणसाला शोधून माफी मागायचा. पोरं टिंगल करायची. मीही करायचो.

"अरे, तू शिपाई आहेस की चर्चमधला पाळक?"

"दादा, राग देवाच्या हवाली केला तरी सकाळी तो परत माझ्याकडेच असतो. म्हणून रोज करावा लागतो."

चार वर्षं मी हे पाहत होतो. माफी मागायची वेळ हळूहळू कमी येत गेली. एवढाच फरक. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आला नसता.

त्या दिवशी विक्रोळीच्या खाडीकडे एका मिठागराचा बांध फुटला होता. भरतीचं पाणी वस्तीत शिरत होतं. दगड पोचवायला आमच्या तीन लॉऱ्या गेल्या. पहिल्या लॉरीवर ड्रायव्हर शिंदे, गाईड म्हणून पुढे चालत शमुवेल. सव्वाअकराला शिंद्यानं गाडी थांबवली.

"हवालदार साहेब, बांध मऊ लागतोय. माल इथंच उतरवू. पुढं डोक्यावरनं नेऊ."

डोक्यावरून न्यायला दोन तास गेले असते. भरतीच्या आत काम संपवायचं होतं.

"चल पुढे," मी म्हणालो.

अकरा वीसला बांधाची कड सुटली. लॉरी खाडीच्या बाजूला आडवी झाली. शिंदे उडी मारून वाचला. शमुवेल कडेबरोबर खाली घसरला होता, कमरेपर्यंत गाडीखाली, चिखलात. छाती, हात, डोकं बाहेर. शुद्धीवर होता.

जॅक लावला, तो चिखलात गेला. फळ्या टाकून लावला, फळ्यांसकट गेला. दुसऱ्या लॉरीला दोर बांधून ओढलं. गाडी आणखी कलली आणि शमुवेल ओरडला. ते ओढणं मी थांबवलं. मग हातांनी चिखल उपसला. जेवढा काढला तेवढा परत भरला.

वायरलेसवर मी कंपनीला कळवलं.

"एक जवान गाडीखाली. क्रेनची ब्रेकडाऊन लॉरी आणि डॉक्टर पाठवा. पाणी वाढतंय. ओव्हर."

"निघतायत. ओव्हर."

वस्तीतले कोळी मदतीला उतरले होते. त्यांच्यातला धाकू नावाचा म्हातारा मला बाजूला घेऊन म्हणाला, "हवालदार, भरती लागली. दीड-दोन तासानं पानी त्याच्या डोक्यावरनं जाल."

मी परत चिखल उपसायला वाकलो.

शिंदे बांधावर बसून कपाळ बडवत होता. शमुवेलनं त्याला हाक मारली.

"शिंदे, इकडं ये. तू गाडी नीट चालवत होतास. मी बघत होतो."

मग माझ्याकडे पाहिलं. ऑर्डर त्यानं ऐकली होती. बाकीचे दूर गेल्यावर तो म्हणाला, "दादा, तुमचा राग आलाय मला. लई आलाय."

"येणारच."

"बोलू नका. थांबा जरा."

त्यानं डोळे मिटले. ओठ हलत होते. मी गुडघाभर पाण्यात त्याच्या डोक्याखाली हात धरून उभा होतो, वाकून. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"गेला का रे?" मी विचारलं. असं विचारायला नको होतं.

"अजून थोडा आहे. हात द्या."

मी दुसरा हात दिला. त्यानं इतका घट्ट धरला की बोटं बधिर झाली. बऱ्याच वेळानं पकड सैल झाली. मला वाटलं, शुद्ध गेली. पण तो म्हणाला, "आता ठीक आहे, दादा. तुमच्याबद्दल काही नाही मनात." आणि लगेच लहान मुलासारखा रडला. "पण भीती वाटतेय हो."

"मी इथंच आहे," मी म्हणालो. त्याचा त्याला काय उपयोग होता!

दुपारचे एक पाच. पाणी त्याच्या गळ्याशी. मी परत वायरलेसवर.

"ब्रेकडाऊन कुठं आहे? ओव्हर."

"रेल्वे फाटकात. मालगाडी उभी आहे. ओव्हर."

"डॉक्टर?"

"त्याच गाडीत आहेत."

पेट्रोल काढायची रबरी नळी होती. ती धुऊन त्याच्या तोंडात दिली. धाकूनं नाक दाबून धरलं, मी नळीचं टोक पाण्यावर. वीस मिनिटं तो नळीतून श्वास घेत होता. मला तो आवाज ऐकू येत होता. मग लाटा मोठ्या झाल्या. नळी दोनदा निसटली. दोनदा परत दिली. तिसऱ्यांदा त्यानं ती धरली नाही.

एक बावन्न. ब्रेकडाऊन लॉरी दोन वीसला आली. ती येईपर्यंत मी त्याचं डोकं सोडलं नाही.

चौकशी बसली. क्लार्कनं जबाब तयारच ठेवला होता: ड्रायव्हरचा अंदाज चुकला. मला फक्त सही करायची होती. दोन दिवस मी ती केली नाही आणि नाही असंही म्हणालो नाही. शिंदे समोरून जायचा, मान खाली घालून. तिसऱ्या दिवशी कॅप्टन साहेबांपुढे उभा राहिलो.

"ऑर्डर माझी होती, साहेब. ड्रायव्हरनं आधी सांगितलं होतं."

"आता सांगून काय होणार, साळवे? माणूस तर गेला."

"होय, साहेब."

माझ्या बाहीवरची हुद्द्याची एक फीत गेली. शिंदे सुटला. सुट्टी काढून मी नगरला शमुवेलच्या बायकोकडे गेलो. तिलाही तेच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठून आत गेली. मी तासभर ओट्यावर बसलो. ती बाहेर आली नाही. तिला दोष देत नाही.

दफनाच्या वेळी पाळक म्हणाले होते, शमुवेल जन्मजात शांत स्वभावाचा होता. सगळ्यांनी माना हलवल्या. मी गप्प राहिलो. आता वय झालंय, म्हणून सांगून ठेवतो. नाईक शमुवेल गायकवाड शांत स्वभावाचा नव्हता. त्याला राग यायचा. त्या दिवशी मिठागरावर आला, तो रास्त होता, आणि पाणी गळ्याशी येईपर्यंत त्यानं तो एकट्यानं खाली ठेवला. मी शेजारी उभा होतो. मला त्यातही मदत करता आली नाही.