अध्यक्षांचा बिनसावलीचा फोटो

नवरा गेला आणि वर्ष उलटायच्या आत धाकट्या दिराने स्टुडिओ घशात घातला. पाटी, दिवे, कॅमेरे, नवऱ्याने जोडलेली गिऱ्हाइकं, सगळं. "वहिनी, हे बायकांचं काम नव्हे," असं वर तोंड करून सांगितलं. ज्या बाईने लग्न झाल्यापासून त्याच स्टुडिओत दिवे लावले होते, तिला! दिराला स्वतःला कॅमेरा धड धरता येत नव्हता. पण जीभ गोड आणि ओळखी दांडग्या. बघता बघता तो छायाचित्रकार संघाचा अध्यक्ष झाला. वहिनीने चौकातल्या एका खोलीत दुकान थाटलं, ओळखपत्रांचे फोटो काढून पोट भरलं आणि दिराचं नाव निघालं की दातओठ खाल्ले.

नवऱ्याची एक खासियत होती. एकच दिवा, तोही एका बाजूला, जरा वर. दुसऱ्या बाजूला काळं कापड, म्हणजे उजेड परतून चेहऱ्यावर येऊ नये. अर्धा चेहरा उजळायचा, अर्धा अंधारात बुडायचा आणि त्या अंधाऱ्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा इवलासा तुकडा उरायचा. त्यासाठी लोक लांबून येत. तो कसा साधायचा हे त्याच्यामागे फक्त हिला ठाऊक होतं.

म्हणून तर अध्यक्षपद सोडताना, संघाच्या सभागृहात लावायच्या फोटोसाठी, दीर हिच्याच दारात आला. लाज कोळून प्यायलेला माणूस!

"वहिनी, दादा काढायचा तसा काढा हं. घरचंच काम आहे."

"बसा भाऊजी," ती म्हणाली. मनात म्हणाली, आता बघते तुझ्याकडे.

सावली अशी गडद पाडायची की याची लबाडी तोंडावर उघडी पडली पाहिजे, असं तिने ठरवलं होतं. दिवा लावला, कापड ताणलं, बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं मात्र, तिच्या अंगाचा तिळपापड झाला. अंधाराने त्याची लोंबती हनुवटी झाकून टाकली होती, चोरट्या नजरेला खोली दिली होती. गालावरचा तुकडाही नेमका पडलेला. नवरा गेल्यापासून तिला तो इतका कधीच साधला नव्हता. मेला थोर कलावंत दिसत होता!

मग याला सावलीच द्यायची नाही.

"डोळे मिटलेत तुम्ही, पुन्हा घेऊ," तिने बेधडक थाप मारली. काळं कापड काढलं, दोन्ही बाजूंना पांढरे पुठ्ठे उभे केले, दुसरा दिवा थेट समोर आणला. आला तो एक फुगलेला, सपाट, पांढराफटक चेहरा. कुठल्याही शिकाऊ फोटोग्राफरने तो फेकून दिला असता. अध्यक्ष मात्र खूश.

"वा! सगळं कसं लख्ख आलंय!"

"लख्खच," वहिनी म्हणाली. "मोठा करून देते."

समारंभात फोटोवरचा पडदा सरकला. सभागृहात सगळे फोटोग्राफरच. मागून कुणीतरी म्हणालं, "अध्यक्ष परदेशी निघाले वाटतं, पासपोर्टचा फोटो लावलाय!" एकच हशा पिकला. निवडला कुणी, असं विचारल्यावर दिराने छाती फुगवून "मीच!" म्हटलं, तेव्हा तर लोक खुर्चीवरून पडायचेच बाकी राहिले.

दुसऱ्या दिवशी तो तणतणत दुकानात आला. "मुद्दाम केलंत ना वहिनी?"

"मुद्दाम केलं," असं म्हणून तिने तो पहिला फोटो त्याच्यासमोर उघडला.

तो बघतच राहिला. हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला. "हा मी? अहो, मग हा द्या ना. पाया पडतो तुमच्या."

"स्टुडिओ घेतलात, दिवे घेतलेत, ह्यांचं नावसुद्धा विकून खाल्लंत. एवढं एकच माझ्याकडे राहिलं होतं. तेही तुम्हाला देऊ?"

त्याच्या देखत तिने तो फोटो पुसून टाकला. बोट क्षणभर अडखळलं, कारण गालावरचा तो तुकडा थेट नवऱ्याच्या हातचा वाटत होता. दीर मटकन खुर्चीत बसला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.