बॅटरीची यथासांग पूजा

हसायचं असेल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. मागे ही हकिगत ऐकताना मावशीला जबरदस्त ठसका लागला होता, आणि ठसक्याला मी फार घाबरते. तशी मी कशाला घाबरत नाही म्हणा! पाल, फटाके, माडावरून धप्पकन पडणारा नारळ... आणि अशी मी, गाडीची दुरुस्ती करायला निघाले होते!

गाडी आमच्या आप्पांची, म्हणजे वडिलांची. श्रीवर्धनात त्यांचा दवाखाना आहे, आणि आजूबाजूच्या गावांतले रोगी बघायला ही जुनी मोटार. मी बी.एस्सी. झाले की मला ती चालवायला शिकवायची, असं त्यांनी कबूल केलं होतं. मी झाले. फिजिक्स घेऊन झाले! आणि नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी रुसली.

स्टार्टरची मूठ ओढली की इंजिनाने घरघरायचं, ही रोजची रीत. त्या दिवशी नुसतं 'टक्'. पुन्हा ओढली, पुन्हा 'टक्'. प्रत्येक 'टक्'ला मी दचकत होते, ते वेगळंच.

शेवटी आप्पांनी पुढून हँडल मारलं. गाडी सुरू झाली, पण हँडलने असा उलटा झटका दिला की आप्पा खांदा धरून ओटीवर बसले.

"पुरे झालं हिचं कौतुक," ते म्हणाले. "सुपारीवाले शांतीशेट केव्हाचे विकत मागताहेत. रविवारी घेऊन जाऊ देत सुपारी वाहायला. मी आपला बैलगाडीतून फिरेन."

गाडी गेली म्हणजे माझं शिकणं गेलं. मग एवढं फिजिक्स काय लोणच्यात घालायचं?

"आप्पा, मी बघते काय झालंय ते."

"तू?"

"हो. मीच!"

गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं, दिवे लावून स्टार्टर ओढा. दिवे मंद झाले तर कारणं तीन. बॅटरी उतरली असेल, नाहीतर तिची जोडणी खराब असेल, नाहीतर स्टार्टरची मोटर गेली असेल. मी दिवे लावले. लख्ख! मूठ ओढली. दिवे एकदम विझायला आले.

आता बघा हं माझं तर्कशास्त्र. बॅटरी उतरलेली असती तर दिवे आधी इतके लख्ख लागले असते का? नाही. आणि जोडणी? ती तर खंडेनवमीला मी स्वतःच्या हातांनी बसवलेली! म्हणजे ती खराब असणं शक्यच नाही. राहिलं काय? मोटर.

एस. टी. स्टँडजवळच्या गॅरेजातले युसुफचाचा आले. माझं निदान ऐकून खूश झाले.

"बराबर हाय बेटी, मोटरच गेली. मी आवाजावरनं वळखलं."

"पण आवाज तर येतच नाही, चाचा."

"तेच तर! आवाज न्हाय म्हंजे मोटर न्हाय."

त्यांनी मोटरला दोन हातोड्या मारून बघितल्या. मी दोनदा किंचाळले. मोटर ढिम्म. मग मुंबईहून दुसरी मोटर मागवली. ती आली नेमकी रविवारी सकाळी. चाचांनी बॅटरीची वायर बॉडीकडच्या टोकाला सोडली, गाडीखाली माडाच्या झावळीचा झाप अंथरून आडवे झाले, जुनी मोटर काढली, नवी बसवली. बॅटरीवर खंडेनवमीचा झेंडूचा हार तसाच होता, त्याला मात्र त्यांनी बोट लावलं नाही. "देवाचा हार हाय. तुमी काढाल तवा काढाल."

मी देवाचं नाव घेऊन मूठ ओढली.

'टक्'.

फाटकातून शांतीशेट आत येत होते! "डाक्टरसाहेब, चावी तैयार ने?"

मला रडूच यायला लागलं. एवढ्यात आई हळदकुंकवाचा करंडा घेऊन आली. "अगो, नवी वस्तू बसवलीत आणि कुंकू नाही लावलंत? सुरू होईल कशी ती? आणि हे निर्माल्य काढा आधी. इतके दिवस ठेवतात का?"

तिने हार उचलला. वाकून बघितलं.

"शुभे, बॅटरीच्या बोंडावर, वायर जोडलीय तिथे, हा लगदा कसला गं?"

खंडेनवमीला आईने सांगितलं होतं, गाडीला कुंकवाचं बोट लाव. चाकांना, दारांना लावलं. पण मी पडले फिजिक्सवाली! गाडीचा प्राण बॅटरीत. म्हणून पान्याने वायर सोडून नेमकी तिथेच हळद, कुंकू, अक्षता, वर पंचामृत अशी यथासांग पूजा केली. पुसणार होते हो! पण वायर परत टेकवताना ठिणगी उडाली, मी घाबरले, आणि तशीच वरून वायर आवळून हार घालून पळाले. दिव्यांपुरती वीज त्या लगद्यातून जात होती. मोटरपुरती जाणार कुठून?

चाचांनी गरम पाणी ओतून बोंड घासलं, वायर आवळली. मूठ ओढली, घर्र्र्र! मी उडाले ती उघड्या बॉनेटवर डोकं आपटून खाली आले.

"बघितलं? नवी मोटर झकास!" चाचा म्हणाले.

आप्पांनी जुनी मोटर अंगणात ठेवायला लावली, तिला बॅटरीच्या तारा जोडायला सांगितल्या. तारा लागताच ती घूंऽऽ करून अशी उसळली की शांतीशेट तुळशीमागे आणि मी शांतीशेटच्या मागे!

गाडी विकली नाही. मी आता ती चालवते, वळणावर डोळे मिटत नाही.

परवा खंडेनवमी झाली. करंडा हातात घेऊन मी गाडीकडे निघाले, तर आईने अंगणातच अडवलं. तिथे पाट मांडलेला, भोवती रांगोळी, आणि पाटावर ती जुनी मोटर.

"हिची कर पूजा," आई म्हणाली. "हवी तेवढी कर. हिला कुठे जायचं नाही."