व्यासपीठावरची दुसरी खुर्ची

टेलिफोनच्या ऑफिसात चौतीस वर्षं ऑपरेटरचं काम करून ताई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांनी मनाशी एकच बेत पक्का केला होता: आता कुणाशी बोलायचं नाही. सकाळी चहा, दुपारी वाचन, संध्याकाळी गच्चीतल्या कुंड्यांना पाणी. बेत जेमतेम तीन आठवडे टिकला.

त्यांचा धाकटा भाऊ पुस्तकं छापायचा. प्रकाशनसंस्था म्हणायची, पण ऑफिस एवढंसं की लेखक आत आला की कुणाला तरी बाहेर उभं राहावं लागे. वर्षाला चार-पाच पुस्तकं, मुखपृष्ठं त्याची बायको करायची, आणि दर महिन्याला वरच्या माडीवर एखाद्या लेखकाशी गप्पा. एकदा त्याने आग्रहाने ताईंना बोलावलं. माडीवर खुर्च्या चाळीस आणि माणसं सात. त्यातले एक गृहस्थ तर नुसते पंख्याखाली बसायला आले होते.

"निमंत्रणं नव्हती का रे पाठवलीस?" ताईंनी विचारलं.

"पाठवली की! साडेतीनशे जणांना, मोबाइलवर."

"पाठवलीस. बोलावलं कुणाला?"

दुसऱ्या दिवशी ताई भावाची यादी घेऊन फोनपाशी बसल्या. "नमस्कार, गेल्या वर्षी तुम्ही बागेचं पुस्तक नेलं होतंत. लागला का मोगरा?" अशी सुरुवात. कार्यक्रमाचं बोलणं शेवटी, सहज आठवल्यासारखं. पलीकडचा माणूस आधी गोंधळायचा, मग मोगऱ्यावर दहा मिनिटं बोलायचा, आणि हा आवाज कुणाचा ते बघायला म्हणून तरी माडी चढायचा. सहा महिन्यांत शेजारच्या शिंप्याकडून बाक मागून आणायची वेळ आली.

अशात एक लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ हस्तलिखित घेऊन आले. उंच उंच इमारतींतून अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. बंद दाराच्या आतून माणसं काय काय बोलतात, ते त्यांनी वह्यांमध्ये गोष्टीरूपाने लिहून ठेवलं होतं. पानांवर ग्रीसचे ठसे होते. ताई वाचायला बसल्या आणि गॅसवरचं दूध सगळं उतू गेलं तरी त्यांना पत्ता नाही.

"हे छापायचंच," त्या म्हणाल्या.

भावाने डोकं खाजवलं. आधीच्या दोन पुस्तकांत त्याचे सगळे पैसे अडकून पडले होते. शेवटी असं ठरलं, की माडीवर एक संध्याकाळ ठेवायची, मेकॅनिकनी दोन गोष्टी वाचून दाखवायच्या, ज्यांना आवडतील त्यांनी आपली प्रत आगाऊ नोंदवायची. पुरेशा नोंदी झाल्या तर पुस्तक निघेल. मेकॅनिक म्हणाले, "त्यात काय, वाचतो की!"

त्या संध्याकाळी माडी गच्च भरली. मेकॅनिक कडक इस्त्रीचा शर्ट घालून माइकसमोर उभे राहिले. हातातला कागद उलगडला. पहिलं वाक्य कसंबसं वाचलं आणि गाडी अडली.

"मी... म्हणजे ते असं..." पुढे काही फुटेना. पहिल्या रांगेत त्यांची बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत मान खाली घालून बसली. दारामागे भावाच्या तोंडचं पाणी पळालं.

ताई दाराशी उशिरा येणाऱ्यांना जागा दाखवत होत्या. ही असली शांतता त्यांच्या ओळखीची होती. नोकरीत कितीदा तरी माणसं घाईघाईने फोन करत आणि नेमकी बोलायच्या वेळी गप्प होत. अशा माणसाला घाई करायची नसते. उत्तर देता येईल असं काहीतरी साधं विचारायचं असतं. त्यांनी एक रिकामी खुर्ची उचलली, थेट पुढे नेली आणि मेकॅनिकच्या शेजारी ठेवली. माइक बाजूला सारला.

"बसा आधी. पाणी घ्या. आता मला एक सांगा, माणूस लिफ्टमध्ये अडकला की बाहेरून तुम्ही पहिलं काय विचारता?"

"किती जण आहात, ते."

"आणि मग?"

"मग नाव विचारतो. नाव सांगितलं की माणूस जरा शांत होतो."

"सगळे सांगतात?"

"छे! एक आजी म्हणाल्या, नाव काय विचारतोस मेल्या, आधी दार उघड!"

माडी खो-खो हसली. मेकॅनिकही हसले, आणि कागद खिशात घालून पुढे सांगू लागले. त्या आजींबरोबर आत त्यांची शेजारीण अडकली होती. दोघींनी अकरा वर्षं एकमेकींचं तोंड बघितलं नव्हतं. मेकॅनिक घामाघूम होऊन तासाभराने दार उघडतात, तर आतून आजी म्हणतात, "पाच मिनिटांनी या हो, आमचं बोलणं अर्धवट राहिलंय!"

मग काय, मेकॅनिक तासभर बोलत राहिले. ताई मधूनच एखादा प्रश्न टाकत आणि पुन्हा ऐकत बसत. शेवटी नोंदणीचे अर्ज संपले, तेव्हा लोकांनी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर आपापली नावं लिहून दिली. मेकॅनिकची बायको ताईंचा हात धरून म्हणाली, "घरात हे दिवसाला चार वाक्यं बोलतात. तुम्हीच या आठवडाभर राहायला!"

खुर्च्या आवरताना भाऊ म्हणाला, "तुला हे येतं, हे कधी बोलली नाहीस ताई."

"मला तरी कुठे ठाऊक होतं? इतकी वर्षं दोन माणसं जोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. पुढे काय बोलणं झालं ते कधी कळलंच नाही. आज बसून ऐकायला मिळालं." ताईंचे डोळे भरून आले होते, पण त्या हसत होत्या.

अडीच महिन्यांनी पुस्तक निघालं. तेव्हापासून माडीवरच्या व्यासपीठावर दर महिन्याला दोन खुर्च्या मांडतात. ताई हस्तलिखित आधी नीट वाचतात, समासात पेन्सिलीने खुणा करतात, लेखकाला आदल्या दिवशी फोन करून जेवलात का विचारतात.

सगळेच लेखक काही अडखळणारे नसतात. गेल्या महिन्यात एक निवृत्त प्राध्यापक आले होते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर चाळीस मिनिटं झाली तरी चालूच. लोक चुळबुळ करायला लागले. ते श्वास कधी घेतात याची ताईंनी वाट पाहिली आणि तेवढ्यात गोड आवाजात विचारलं, "सर, लहानपणी आई तुम्हाला काय म्हणायची हो?"

प्राध्यापक थांबले. थोडा विचार केला.

"गप्प बस म्हणायची," ते प्रामाणिकपणे म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.